फुटाला अडीच सूत: संडासाच्या पाइपाचा ढाळ आणि जोडकाम

विचारणा अशी आहे. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका गावात जुनं चिऱ्याचं घर. संडास आजवर परसात, घरापासून लांब. आईला आता रात्री आणि पावसात तिथवर जाणं जमत नाही, म्हणून तिच्या खोलीला लागून, मागच्या भिंतीकडे कमोड बसवायचा आहे. सेप्टिक टँक जुनीच वापरायची. नव्या कमोडपासून टँकपर्यंतचं अंतर ३६ फूट, मध्ये एक माड, त्याला वळसा घालावा लागणार. खोलीच्या लादीपासून टँकमध्ये शिरणाऱ्या पाइपाच्या तळापर्यंतची उंची पाण्याच्या ट्यूबने मोजली, ती ३ फूट. जोतं १ फुटाचं. मेस्त, म्हणजे गवंडी, म्हणतात, ‘ढाळ जितका जास्त तितका बरा, आहे तो सगळा ३ फूट देऊन टाकू.’ शेजारी म्हणतात, जास्त ढाळ दिला तर पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. मग कोणाचं ऐकायचं, कमोड एस ट्रॅपचा घ्यायचा की पी ट्रॅपचा, वळणांना कुठलं फिटिंग लावायचं, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी काम उरकेल का?

तुम्ही दोन्ही टोकांची उंची मोजून मग विचारलंत, हे फार बरं केलंत. पंचवीस वर्षं हे काम करतोय, पण शंभरातले नव्वद लोक कमोडचा रंग ठरवून येतात आणि टँकची पातळी त्यांना माहीत नसते. संडासाची लाइन नेहमी खालच्या टोकाकडून ठरवायची. टँकमध्ये पाइप कुठल्या उंचीवर शिरतो ते पक्कं असतं, ते आपल्याला बदलता येत नाही. तिथून उलटं मोजत वर आलं की कमोड कुठे आणि कसा बसेल ते आपोआप कळतं.

आधी ढाळाचा हिशेब. संडासाला आपण जो ४ इंची पाइप म्हणतो तो बाहेरून ११० मिलीमीटर असतो. त्याला १ ला ४० हा ढाळ मी धरतो, म्हणजे ४० फूट लांबीला १ फूट उतार. मेस्तांच्या भाषेत, फुटाला साधारण अडीच सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मीटरवर मोजत असाल तर मीटरला २५ मिलीमीटर. उंची कमी पडत असेल तर १ ला ६० पर्यंत, म्हणजे फुटाला जेमतेम दीड-पावणेदोन सूत, उतरायला हरकत नाही, पण तिथे पाइप अगदी सरळ आणि न चुकता बसला पाहिजे. त्याखाली मी जात नाही.

हे आकडे कुठून येतात तेही सांगतो, कारण मेस्तांना समजावताना ते लागतील. पाइपातलं पाणी सेकंदाला निदान पाऊण मीटर वेगाने गेलं तर ते आपल्याबरोबर मैला ओढून नेतं आणि पाइप स्वतःचा स्वतः धुतला जातो. वरची मर्यादा सेकंदाला २.४ मीटरची धरतात. ४ इंची पाइप अर्धा भरून वाहत असेल तर १ ला ४० वर वेग साधारण १ मीटरच्या आसपास येतो. १ ला १०० वर तो पाऊण मीटरच्या काठावर लोंबकळतो, जरा कुठे पाइप चुकला की गेला. आणि खरी गोष्ट ही की कमोडच्या एका फ्लशने पाइप अर्धाही भरत नाही. हल्लीच्या टाकीचं मोठं बटण ६ लिटर सोडतं, लहान ३ लिटर. ६ लिटर पाणी या पाइपात गच्च भरलं तर जेमतेम ७० सेंटिमीटर लांबी भरेल. त्या एवढ्याशा पाण्याला मैला घेऊन ११ मीटर चालायचं आहे. पूर्वीच्या साखळीच्या टाक्या १० लिटर आणि त्याहून जास्त पाणी ओतायच्या, म्हणून जुन्या लाइनी वेड्यावाकड्या असूनही चालून गेल्या. आता ती मोकळीक राहिलेली नाही.

आता मेस्त आणि शेजारी. तुमच्या ३६ फुटांना १ ला ४० प्रमाणे उतार लागतो पावणेअकरा इंच, आपण ११ धरू. मेस्त म्हणतात तसे ३ फूट सगळे ढाळात घातले तर तो १ ला १२ होतो, फुटाला पूर्ण १ इंच. शेजाऱ्यांचं म्हणणं या बाबतीत निम्मं खरं आहे. तीव्र ढाळाची कितीतरी लाइन मी वर्षानुवर्षं विनातक्रार चाललेली पाहिली आहे, त्यामुळे १ ला १२ दिला की उद्याच तुंबेल असं मी म्हणणार नाही. पण तीव्र ढाळावर पाण्याची धार पातळ होते, कागद आणि घट्ट मैला तिच्यावर तरंगत नाही, घासत जातो. लहान बटण दाबलं असेल तर कधी वाटेतच बसतो. त्याहून वाईट जागा म्हणजे तीव्र ढाळ संपून पाइप सपाट होतो तो सांधा. जोराने आलेलं पाणी तिथे एकदम मंदावतं आणि जे वाहून आणलं ते तिथेच टाकतं. मेस्त सुरुवातीला भरपूर ढाळ देतात आणि शेवटचे दहा फूट ‘आता मिळवून घेऊ’ म्हणत जवळजवळ सपाट करतात, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की मेस्त ‘भरपूर’ म्हणाले की मला पहिली शंका शेवटच्या दहा फुटांची येते. तेव्हा ढाळ १ ला ४०, आणि तो पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत एकच. तुमच्याकडे उंची जास्त आहे ती ढाळात वाटायची नाही. ती एकाच जागी, उभ्या पाइपात, सरळ खाली उतरवायची.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. कमोड पी ट्रॅपचा घ्या.

ट्रॅप म्हणजे कमोडचा पाणी धरून ठेवणारा वळणाचा भाग. एस ट्रॅपच्या कमोडचं तोंड खाली लादीत जातं. म्हणजे खोलीच्या आत, जोत्याच्या भरणीतून आडवा पाइप न्यावा लागणार, मग पायाच्या चिऱ्यात भोक पाडून बाहेर. पी ट्रॅपचं तोंड मागे, भिंतीकडे निघतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पी ट्रॅप कमोडला ते लादीपासून १८० मिलीमीटर उंचीवर मध्य धरून असतं. तुमचा कमोड बाहेरच्या भिंतीलाच लागून आहे, तेव्हा पाइप भिंतीतून आरपार, लादीच्या वरूनच बाहेर. आत खणायचं काही नाही, जोत्याला हात लावायचा नाही आणि उद्या काही अडलं तर सगळं परसात उघड्यावर.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतो त्याला एक घर कारण आहे. डिचोलीकडचं. एरवी घरात दोन माणसं, चवथीला पंधरा-सोळा. दर चवथीला दुसऱ्या दिवशी संडास तुंबायचा. दोन वर्षं बांबूच्या कामट्या घालून, ॲसिड ओतून वेळ मारून नेली. तिसऱ्या वर्षी मला बोलावलं. मी लाइनीच्या दोन्ही टोकांना ट्यूब लावली, तर ढाळ अगदी हवा तसा, १ ला ४० पेक्षा थोडा जास्तच. मला वाटलं बेंडमध्ये काही अडकलं असेल. शेवटी लादी फोडली. पाइप भरणीच्या मातीवर चिऱ्याचे तुकडे टेकवून ठेवला होता, दोन तुकड्यांमध्ये पाच फूट अंतर. पहिल्या पावसाळ्यात भरणी बसली, तुकडे जागेवर राहिले, आणि मधल्या मोकळ्या पाच फुटांत पाइपाला पोट आलं, मध्यावर दीड इंच. टोकं बरोबर, मध्य बुडालेला. पाइप कापला तेव्हा त्या पोटात तळाला करड्या रंगाचा, साबणासारखा घट्ट थर होता, वर कागदाचा लगदा, आणि पाणी जायला जेमतेम दोन बोटांची वाट. दोन माणसांचं पाणी त्यातून निघून जायचं. सोळा माणसांचं जाईना. आजी दाराशी उभी राहून बघत होत्या, म्हणाल्या, ‘इतक्या वर्षांनी उत्सवाला लेकरं घरी येतात आणि मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटते.’ पाइप बदलायला दीड दिवस लागला. ते वाक्य मात्र अजून कानात आहे.

तर तुमच्या घरात लादीखाली पाइप नको. पण एक लक्षात ठेवा, कमोड आधी विकत आणा, मग भोक पाडा. कंपनीगणिक दोन-पाच मिलीमीटरचा फरक असतो, आणि १८० हे माप तयार लादीपासूनचं आहे, कोब्यापासूनचं नाही. लादी आणि खालचा माल मिळून किती जाडी येणार ते मेस्तांना आधी विचारून घ्या. पुढे कधी दुसरीकडे एस ट्रॅप घ्यायची वेळ आलीच तर तिथे भिंतीपासूनचं माप महत्त्वाचं, ९ इंची किंवा १२ इंची असे कमोड येतात, आणि तेही टाइल लावून झालेल्या भिंतीपासून.

आता बाहेरची जुळणी, कमोडपासून क्रमाने.

कमोडचं तोंड आणि पाइप यांच्या मध्ये पॅन कनेक्टर बसतो. आखूड, सरळ, आतून गुळगुळीत असा घ्या. नळीसारखा वाकणारा, वळ्यावळ्यांचा कनेक्टर मेस्तांना सोयीचा पडतो, कारण भोक थोडं चुकलं तरी जुळवून घेता येतं. पण त्या वळ्यांतच कागद अडकतो आणि तो खाली लोंबला तर पहिलं पोट तिथेच. भोक नीट पाडा, म्हणजे त्याची गरज लागत नाही. आणि कमोडचं तोंड पाइपात घालून सिमेंटने बुजवू देऊ नका. पुढे कमोड काढायची वेळ आली तर तो फोडूनच निघतो.

भिंतीतून जाणाऱ्या तुकड्यालाही तोच ढाळ, बाहेरच्या बाजूला. भिंतीबाहेर ८७.५ अंशांचा दाराचा टी, म्हणजे साफ करायला उघडता येणारं झाकण असलेला, उभा लावा. या साडेसत्याऐंशीबद्दल लोक विचारत नाहीत, पण ती मुद्दाम केलेली गोष्ट आहे. उभा पाइप ओळंब्यात ठेवला की टीची आडवी शाखा आपोआप अडीच अंश वर उचललेली राहते, म्हणजे तिच्यातून येणारं पाणी उताराने येतं. टी उलटा बसवला तर तोच अडीच अंशांचा उतार कमोडकडे होतो. टीच्या पोटात शाखेकडून खाली वळणारी गोलाई असते, ती हाताला लागते. गोलाई खालच्या बाजूला गेली पाहिजे. बसवण्याआधी बोट घालून बघा.

टीचं वरचं तोंड बंद करू नका. तिथून पाइप सरळ छपराच्या वर न्या आणि टोकाला जाळीचा काउल, म्हणजे टोपी, बसवा. हा हवेचा पाइप नसेल तर फ्लशचं पाणी जाताना मागे हवा ओढतं, ट्रॅपमधलं पाणी हलतं. ट्रॅपमध्ये ५० मिलीमीटर पाणी उभं असतं, तेवढाच पडदा आईच्या खोलीत आणि टँकमधल्या वायूमध्ये आहे. शिवाय टँकमधला वायूही याच पाइपाने वर निघून जातो. टोक खोलीच्या खिडकीजवळ येऊ देऊ नका.

टीचं खालचं तोंड उभ्या पाइपात. आता तुमचा हिशेब जुळवू. भिंतीतून पाइप बाहेर येतो तेव्हा त्याचा तळ लादीच्या ५ इंच वर असतो. ढाळाला ११ इंच लागणार, म्हणजे आडवी लाइन सुरू होते तिथे तिचा तळ लादीच्या २५ इंच खाली हवा. ५ आणि २५, उभा उतार ३० इंचांचा. जोतं १ फुटाचं आहे तेव्हा तिथे पाइपाचा तळ जमिनीखाली १३ इंच आणि पाइपाची पाठ ९ इंचांच्या आसपास मातीखाली. परसात एवढं झाकण पुरतं. मोटारसायकल त्यावरून जाणार असेल तर तेवढ्या भागात वर काँक्रीटचा थर घाला.

उभा पाइप आडवा होतो तिथे एकच ९० अंशांचा एल्बो कधीही नाही. ३० इंचांवरून पडणारं पाणी तिथे आपटतं आणि मैला तिथेच सांडतो. दोन ४५ अंशांचे बेंड घ्या, मध्ये वीतभर सरळ तुकडा ठेवा आणि खाली सिमेंटचं बसकण द्या म्हणजे वजनाने खचणार नाही. मोठ्या गोलाईचा एकच बेंड मिळाला तर तोही चालेल. माडाच्या वळशालाही हेच, दोन ४५, आणि तिथे चेंबर, म्हणजे लाइन उघडून बघायला झाकणाचा हौद. एखादी दुसरी लाइन पुढेमागे येऊन मिळणार असेल तर आडव्यात टी लावू नका, वाय लावा, म्हणजे येणारं पाणी वाहत्या दिशेनेच सामील होतं. टीने ते आडवं घुसतं आणि समोरच्या भिंतीवर आपटून मागेही सरकतं. टी फक्त आडव्यातून उभ्यात उतरताना.

दुकानात एक गोष्ट बघून घ्या. मळ्यात पाणी न्यायचा जो शेतीचा पाइप असतो त्याचे एल्बो संडासाला वापरलेले मी पाहतो. ते दाबाच्या पाण्यासाठी आहेत, कोपरा तुटक असतो. आपल्याला हवा तो मैला-सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप, त्यावर आयएस १३५९२ छापलेलं असतं. त्यात दोन प्रकार. ए प्रकार पातळ, ११० च्या पाइपाची जाडी २.२ मिलीमीटरपासून, तो हवेच्या पाइपाला आणि पागोळीच्या पाण्याला. बी प्रकार ३.२ मिलीमीटरपासून, तो संडासाला. दुकानदार नुसतं ‘चार इंची’ ऐकून ए देतो, कारण तो स्वस्त पडतो. पाइपावरचं अक्षर वाचून घ्या. आणि ११० वरून पुढे ७५ वर कुठेही उतरू नका. पाण्याच्या दिशेने पाइप मोठा होऊ शकतो, लहान कधीच नाही.

जोडाची बाब थोडक्यात. पाइपाचं रुंद तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी तोंडात शिरेल, जोडाच्या कडेवर आपटणार नाही. म्हणून काम टँककडून सुरू करून घराकडे यायचं. पाइप सरळ कापा, कापलेल्या कडेचं कुसळ कानशीने काढा, तेच कुसळ पुढे केस आणि धागे धरून ठेवतं. उन्हात उघड्यावर राहणारा उभा पाइप रबर रिंगचा ठेवा आणि पूर्ण आत ढकलून मग १० मिलीमीटर मागे ओढा, उन्हाने पाइप वाढतो त्याला जागा लागते. जमिनीखालची लाइन मी सोल्युशनने चिकटवतो, कारण माडाची मुळं ओलाव्याच्या मागे येतात आणि कच्च्या जोडात शिरतात.

चराचा तळ हा या कामाचा जीव आहे, त्यात घाई करू देऊ नका. आपल्याकडे चर खणताना चिऱ्याचे टोकदार तुकडे निघतात आणि पाइप त्यावरच ठेवला जातो. तळ खणून झाला की चार बोटं वाळू किंवा चाळलेली माती पसरा, पाणी मारून धुम्मसाने दाबा. जोडाचं रुंद तोंड येतं तिथे वाळूत छोटा खळगा करा, नाहीतर पाइप फक्त तोंडांवर टेकतो आणि मधला भाग अधांतरी राहतो. पाइपाची सगळी लांबी वाळूवर बसली पाहिजे. खाली चिऱ्याचा किंवा विटेचा तुकडा टेकवलेला दिसला तर तो काढायला लावा, मेस्त कितीही जवळचे असले तरी.

ढाळ तपासायला मी ४ फुटी स्पिरिट लेव्हल वापरतो. तिच्या एका टोकाखाली ३० मिलीमीटर जाडीचा लाकडाचा ठोकळा टेपने चिकटवायचा. ठोकळ्याचं टोक टँककडे करून लेव्हल पाइपावर ठेवली आणि बुडबुडा मध्यावर आला की ढाळ १ ला ४०. दर पाइपावर दोन जागी ठेवून बघायची. ट्यूब टोकांची पातळी सांगते, पोट सांगत नाही. ठोकळ्याची लेव्हल पोट लगेच दाखवते. डिचोलीच्या त्या घरानंतर हा ठोकळा माझ्या पिशवीतून बाहेर निघालेला नाही.

चेंबर दोन. एक उभा पाइप उतरतो तिथून तीनेक फुटांवर, एक माडाच्या वळणावर. चेंबरचा तळ सपाट ठेवू नका. ४ इंची पाइप मधोमध उभा चिरून त्याची अर्धी पन्हळ तळात बसवायची, दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार पन्हळीकडे, हाताने गुळगुळीत घोटलेला. सपाट तळाच्या चेंबरमध्ये पाणी पसरतं, कागद कोपऱ्यात राहतो आणि झाकण उघडलं की झुरळांचं राज्य.

न्हाणीचं पाणी या लाइनीत आणू नका. तुमच्या आधीच्या मांडणीत ते माडाच्या आळ्यात जातं, तसंच जाऊ द्या. टँकला आणि सोक पिटला, म्हणजे टँकचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याला, तेवढाच भार कमी.

चर बुजवण्याआधी दोन परीक्षा. पहिली, खालचं टोक प्लगने बंद करून लाइन पाण्याने भरा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि अर्धा तास बसा. खूण सोडून पाणी उतरलं तर कुठला तरी जोड गळतो. दुसरी, पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलीमीटर लहान असा गुळगुळीत चेंडू वरून सोडा, तो न अडता खाली चेंबरमध्ये यायला हवा. चेंडू मिळाला नाही तर एका टोकाला बॅटरी धरा, दुसऱ्या टोकाला आरसा. पूर्ण गोल प्रकाश दिसला तर पाइप सरळ, गोलाचा खालचा भाग कापलेला दिसला तर तिथे पोट आहे. हे वळण ते वळण, तुकड्या-तुकड्याने बघायचं. मग कमोड बसल्यावर सहा-सात कागदाचे बोळे टाकून लहान बटण दाबा आणि घरच्या कोणाला तरी दुसऱ्या चेंबरपाशी उभं करा. सगळे बोळे एकदोन फ्लशमध्ये तिथून गेले की आईला दार उघडून द्यायला हरकत नाही.

राहिली जुनी टँक. ती आधी उपसून घ्या आणि आत शिरणाऱ्या पाइपाला खाली वळलेला टी आहे का बघा, नसेल तर आत्ताच बसवा. बाहेर जाणाऱ्या पाइपाचा तळ शिरणाऱ्या पाइपाच्या तळापेक्षा ५ ते ७ सेंटिमीटर खाली असतो, तेवढा फरक मोजून बघा. टँक एका बाजूने खचली असेल तर तो फरक राहत नाही आणि पाणी लाइनीत मागे चढतं. परसात विहीर असेल तर सोक पिटपासून तिचं अंतरही मोजा. निदान १८ मीटर हवं, आणि आपला चिरा भेगांचा, पाणी झिरपू देणारा, त्यामुळे मी तर त्याहून जास्त मागतो.

चवथीपर्यंत काम सहज होईल, पण चराचं काम पावसाआधी, मे महिन्यातच करा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ओल्या चरात वाळू बसत नाही, ढाळ राहत नाही. कमोड, टाइल, हवेचा पाइप हे सगळं नंतर आत बसून करता येतं. चर बुजवण्याआधी भिंतीपासूनची अंतरं टेपने धरून फोटो काढून ठेवा, पुढे कोणी माडाला खत घालायला खणलं तर पाइप कुठे आहे ते कळेल.

आणि एक काम जुलैच्या शेवटी, चार दिवस पाऊस लागून राहिला असेल तेव्हा करा. टँकचं झाकण थोडं सरकवून तोंड दूर ठेवून आत बॅटरी मारा, विडी-काडी जवळ नको, आणि पाण्याची पातळी बघा. शिरणाऱ्या पाइपाच्या तळाखाली ती दोन इंच तरी असेल तर काही करायचं नाही. ती पाइपाच्या तळाला टेकली असेल तर सोक पिट भरलेला आहे, लाइनीत दोष नाही. तेव्हा सोक पिटची लांबी, रुंदी, खोली आणि घराच्या मानाने जमीन तिथे चढती आहे की उतरती, एवढं मोजून कळवा, त्यावर नवा पिट कुठे आणि केवढा ते बघू.